तासाला साठ पानं

आमचे हे, गुंडोराव, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं माल तपासायचे. निवृत्त झाल्यावर एका संस्थेत अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागले. पगार नाही, पण तोरा मॅनेजरचा. सकाळचं उप्पीट मनासारखं झालं तर स्वारी खुशीत जायची आणि तासाला वीस पानं वाचायची. स्वल्प काही बिनसलं की तोंड फुगवून पाच पानांत परत. मूड यांचा, भोगायचं मी.

मग पुण्याचा पुष्कर तिथली व्यवस्था बघायला लागला. पोरगा गुणी, पण त्यानं भिंतीवर तक्ता लावला, कोण तासाला किती पानं वाचतं त्याचा. झालं. यांच्या अंगात कारखाना आला. तळटीपा गाळल्या, आकड्यांची कोष्टकं गाळली, श्वास घ्यायचाही गाळला म्हणा ना. तासाला साठ पानं, पहिला नंबर, टाळ्या. घरी येऊन मला तीनदा ऐकवलं.

त्याच आठवड्यात कस्तुरीचा फोन आला. ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची अंध मुलगी, अर्थशास्त्राचं इंग्रजी पुस्तक यांच्याच आवाजात ऐकायची. परीक्षा चार दिवसांवर. सहावा धडा चारदा ऐकला तरी डोक्यात शिरत नाही, आता नापासच होणार, म्हणाली.

"अण्णा, पूर्वी तुम्ही मधेच थांबून लेखकाला मराठीत शिव्या घालायचात, मग परत समजावून सांगायचात. तसंच लक्षात राहायचं. तुमची तब्येत बरी आहे ना?"

हे खुर्चीत बसले ते उठेचनात. जन्मभर दुसऱ्यांचा माल नापास केलेला माणूस. बरं झालं, खोड मोडली, असं म्हणणार होते मी, पण त्यांचं तोंड बघून चहा ठेवायला उठले.

पुढचे तीन दिवस हे संस्थेत गेलेच नाहीत. घरून फोनवर तिला सहावा धडा शिकवत बसले. लेखकाच्या सात पिढ्या इतक्या मोठ्यानं उद्धरल्या की शेजारची अनुषा विचारायला आली, "अक्का, भांडण झालं का?" तिकडे तक्त्यावर यांच्या नावापुढं शून्य लागलं.

परीक्षेच्या दिवशी जेवले नाहीत. चार वाजता फोन आला. सहाव्यातलाच मोठा प्रश्न होता, तिनं लेखनिकाला सगळं सांगितलं. आता एम.ए. करायचं म्हणाली, दोन वर्षं, चौदा पुस्तकं, वाचाल का? हे कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच बोलले.

फोन ठेवून माझ्याकडे वळले. यंदा यांना शहात्तर पूर्ण झाली.

"कौशल्या, दोन वर्षं टिकेन ना मी?"

एरवी मी टोमणा मारला असता. "टिकायलाच हवं," म्हणाले, आणि मलाच रडू आलं.