दुर्गासाठी पहिली सुपारी

ईरा अंगणात आली की दुर्गा हातातलं काम थांबवायची, उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवायची आणि भलतीकडेच बघत बसायची. वीस वर्षं ती आमच्या वाडीत सुपारी सोलायला येत होती, पण ही सवय नवी. आणि ती बघून माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

ईरा माझी नात. सहा वर्षांची, स्वमग्न आहे. बोलत नाही, मी जवळ घेतलं की अंग चोरते. पनवेलहून सुट्टीला आली की मी लाडू घेऊन मागे मागे, आणि ती जाऊन दुर्गाच्या तळहातावर सुपारी ठेवायची! मग दोघी लहानमोठ्या सुपाऱ्यांच्या रांगा लावत तासन् तास बसायच्या.

"काकू, हात पुढं करायचा न्हाय, नुसता ठेवायचा," दुर्गा मलाच शिकवायची. "तुमी मांजर धराय गेल्यागत जाता."

मी तीन मुलं वाढवलेली बाई! हसले वरवर, आत चरफडले.

त्यात सुनेनं मोबाइलवर कायसं वाचून दाखवलं. हल्ली मुलं फार स्वच्छतेत वाढतात, शरीराच्या प्रतिकारशक्तीला मातीची, जंतूंची ओळख होत नाही, मग ती बिथरते, आणि स्वमग्नतेचा संबंध तिथेही असू शकेल. ती सहज वाचत होती, मी मात्र गार पडले. सुनेला आई नाही, म्हणून ईराच्या वेळचं बाळंतपण माझ्याकडेच झालेलं. दिवसातून तीनदा फिनेलनं लादी पुसणारी मी. गोठ्याचा वारासुद्धा लागू दिला नव्हता मायलेकींना. आणि दुर्गाची नातवंडं? चिखलात लोळलेली, शेंबडी, आणि पोपटासारखी बोलणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ईराला गोठ्यात नेलं आणि तिचे दोन्ही हात शेणात बुडवले. अशी किंचाळली पोर! भिंतीवर डोकं आपटायला लागली. दुर्गा धावत आली. भिंतीला आपला हात लावला, पोरीचं डोकं त्याच्यावर आपटू दिलं. ती थोडी शांत झाली तसे पदरानं तिचे हात कोरडे केले.

मी फुटले. "तुझं बरंय गं! तुझी मातीत लोळली म्हणून धड निघाली. मी फिनेल ओतलं आणि पोरीचं वाटोळं केलं."

दुर्गा खाली बसली. "काकू, माजा भाऊ गणू गोठ्यातच वाडला. माती खायचा, व्हाळाचं पानी प्यायचा. जल्मात कदी बोलला न्हाय. माज्या हातावर शिंपल्या ठेवायचा, त्येच त्याचं बोलनं. लोक आयेला म्हनायचे, पोटुशी असताना गिरानात भायेर गेली असशील. ती मरस्तवर त्येच उगाळत बसली. आता तुमी फिनेल उगाळा."

वीस वर्षांत तिला भाऊ होता का, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

पुढे ईराच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अभ्यास चालू आहे, पण अजून ठाम काही हाती नाही, आणि आजी, फिनेलवर तर कुणीच बोट ठेवलेलं नाही. बरं वाटलं. पण माझं ओझं उतरवलं होतं ते आधी दुर्गानंच. तिथेही पहिला नंबर तिचा!

यंदा चैत्रात दुर्गा तापानं गेली. मे महिन्यात ईरा आली, अंगणात दुर्गाचा रिकामा पाट बघून उभीच राहिली. मी पाटाशेजारी बसले, हात उताणा करून मांडीवर ठेवला आणि माडाकडे बघत राहिले. हाताला मुंग्या आल्या. किती वेळानं तळहातावर काहीतरी टेकलं. सुपारी! माझे डोळे भरून आले, तोवर तिनं ती उचलली आणि दुर्गाच्या पाटावर नेऊन ठेवली. मग दुसरी, जरा लहान, माझ्या हातावर.

हेवा वाटला, वाटायचाच. पण हात मी तसाच उघडा ठेवला.