फिल्टरच्या आतलं कुंकू

दसऱ्याला गाडीसमोर कुंकवाची डबी उघडली, की अंधेरीच्या गॅरेजवाल्या सुमनताई आठवतात. माझी पहिली गाडी तेव्हा प्रत्येक सिग्नलला बंद पडायची. दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते आणि संध्याकाळी भंगारवाला तिला न्यायला येणार होता.

ताईंनी चालू इंजिनाला कान लावला, एका सेन्सरची वायर काढली आणि धापा टाकणारं इंजिन चक्क गुणगुणू लागलं.

“हा हवा मोजतो, पण खोटं सांगतो. तो गप्प बसला, की इंजिन आपल्या अंदाजाने चालतं.”

त्यांनी सेन्सर बाहेर काढला. आतली केसाएवढी तार लाल भुकटीने माखली होती.

“साहेब, दसऱ्याची पूजा कुठवर केलीत?”

“हवेचा फिल्टर काढून, अगदी आतपर्यंत.”

त्यांनी स्प्रे मारून तार धुतली. भंगारवाला रिकामाच परतला.

आता कुंकू मी बॉनेटलाच लावतो. नमस्कार मात्र त्या तारेला करतो.