कॅनडात सुटलेली, घोडपदेवात अडकलेली

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनीताचं लग्न कॅनडात मोडलं होतं, पण मुंबईत, आमच्या घोडपदेवात, ते व्यवस्थित चालू होतं. याला जबाबदार मी.

मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला तीनदा बसलोय. तिन्ही वेळा नापास! पण त्यामुळे पहिल्या वर्षाचा अभ्यास माझ्याइतका पक्का अख्ख्या चाळीत कुणाचा नाही. कुणाला नोटीस आली की आधी माझ्याकडे येतात. (मग वकिलाकडे जातात, ती गोष्ट वेगळी.)

सुनीता लग्न करून कॅनडाला गेली आणि दोन वर्षांत परत आली. तिचा नवरा महेश वाईट माणूस नव्हता, पण दोघांचं जमलं नाही. ती परळला एका लॅबमध्ये नोकरीला लागली. वर्षभराने तिकडच्या कोर्टाचं जाडजूड पाकीट आलं. महेशने घटस्फोट मागितला होता. कारण काय, तर वर्षभर वेगळे राहतो.

"दादा, मला तर हवाच आहे. काय लिहून पाठवू?"

"काही नाही. गप्प बसायचं."

"अरे, पण त्यांनी उत्तर मागितलंय!"

"उत्तर दिलंस की तू त्यांच्या कोर्टात अडकलीस. कायदा मला शिकवू नकोस!"

ती गप्प बसली. काही महिन्यांनी घटस्फोट घरपोच आला, शिक्क्यासकट. मी तो लॅमिनेट करून आणला.

पुढे शीवच्या एका शाळेत शिकवणारा प्रकाश तिला भेटला. सालस माणूस. दोन्ही घरं खूश. आम्ही तिघं विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी माझं लॅमिनेशन उजेडात धरलं.

"या तिकडच्या कोर्टात हजर होत्या?"

"छे! मी जाऊच दिलं नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"लेखी उत्तर?"

"एक ओळ नाही!"

"मग हे इथे चालेल असं वाटत नाही. वकिलाला विचारा."

प्रकाशने आणलेला पेढ्यांचा बॉक्स हळूच पिशवीत परत ठेवला.

दादरच्या वकीलबाईंनी निकाल दोनदा वाचला. "सुनीताताई, तुम्ही तिथे हजर राहून संमती दिली असती तर मार्ग निघाला असता. आता हा निकाल एकतर्फी. त्यात नुसतं वर्षभर वेगळं राहणं हे आपल्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण होत नाही. इथल्या कायद्याने तुम्ही अजून महेशच्या बायको आहात. गप्प बसायचा सल्ला कुणी दिला?"

मी हात वर केला.

"घटस्फोट टाळायचा असता, तर सल्ला उत्तम होता."

"थँक्यू," मी म्हणालो. सुनीताने माझ्या पायावर पाय दिला.

खाली उतरताना मात्र ती जिन्यातच बसली. "दादा, प्रकाशच्या आईला काय सांगू? आधीचा नवरा आहे अजून, जरा थांबा?" तिचे डोळे भरले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला एकही कलम आठवेना.

उपाय एकच होता. दोघांनी मिळून इथल्या कोर्टात संमतीने अर्ज करायचा. मी महेशला फोन लावला.

"दादा, मी सुटलो ना? मी तर इकडे दुसरं लग्नपण केलं!"

"इथल्या कायद्याने तुला दोन बायका आहेत, महेश."

पुढच्या महिन्यात तो मुंबईत हजर!

कागदांवर सह्या करायला तो घरी आला, तर आईने कोंबडी-वडे केलेले. मी तिला आत नेऊन समजावलं, "आई, तो आता जावई नाही!"

"लगीन मोडला म्हणान भूक मोडता काय?" आई म्हणाली आणि तंगडी त्याच्याच ताटात गेली. शेजारी बसलेल्या प्रकाशच्या ताटात कोंबडीची मान! महेशने लाजून ती तंगडी प्रकाशला दिली. पुढचा तासभर दोघं क्रिकेटवर बोलत होते आणि सह्या राहूनच गेल्या.

असो. यथावकाश घटस्फोट मिळाला, लग्न झालं, सुनीता शीवला मजेत आहे. कोर्टातल्या समुपदेशनाच्या दिवसाबद्दल मी खरं तर बोलणार नव्हतो. पण ती प्रत्येक बारशात ते सांगते, त्यापेक्षा मीच सांगतो.

त्या दिवशी मी महेश-सुनीताच्या लग्नाचा दाखलाच घरी विसरलो. कॉरिडॉरमध्ये आमची जुंपली. "तुझ्यामुळे माझं आयुष्य अडकलंय!" "मीच राबतोय ना तुझ्यासाठी?" "राबू नकोस, हात जोडते!" महेश बिचारा बाकावर चहा पीत बसला होता. दार उघडून समुपदेशक मॅडम बाहेर आल्या.

"दोघं आत या. सगळं ऐकलं मी. इतकं टोकाला गेलंय तर मी समेटाचा आग्रह धरणार नाही. बाई, यांच्यापासून सुटका हवीच ना?"

"हवीच हो मॅडम! पण हा नवरा नाही, माझा भाऊ आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"मग कठीण आहे. याच्यापासून सुटायची सोय कॅनडातसुद्धा नाही."