उजवीकडून लावलेला संसार

माझं सगळं बदललं ते यंदा, १९५५ साली, कुवेतमध्ये, मामूच्या फ्रेमच्या दुकानात, मी तीन चित्रं उलट्या क्रमाने काचेखाली बसवली तेव्हा.

गेलो होतो मामूच्या मुलीला, नजमाला मागणी घालायला. तिचं दुसरीकडे बोलणं चाललंय असं कळलं आणि डोकंच फिरलं. रत्नागिरीचं कॉलेज अर्ध्यावर टाकून मुंबईहून बोट पकडली. डेकने, म्हणजे उघड्यावरच्या स्वस्त तिकिटाने जाणार असाल तर वळकटी, लिंबं आणि भाजलेले चणे सोबत घ्या. मस्कतनंतर बोटीवरचा डाळभात घशाखाली उतरत नाही. कुवेतला आपलेच रुपये चालतात, बदलायची कटकट नाही. आणि तिथल्या सालमियाचा समुद्र पहाटेच बघून घ्या, नंतर ऊन डोळे उघडू देत नाही.

"शिक्षण सोडलंस? मग हातोडी धर," एवढंच मामू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी एक फ्रेंच इंजिनियर शंभरेक वर्षांपूर्वीच्या त्यांच्या वर्तमानपत्रातली व्यंगचित्रं घेऊन आला. दगडावर तेलकट खडूने काढून छापलेली; पाठचा मजकूर कागदातून दिसत होता. पण काय हात! पहिल्यात प्रियकर गुडघे टेकून विनवतोय. दुसऱ्यात लग्नानंतरचं भांडण, टेबलावर सूप सांडलेलं. तिसऱ्यात तोच गडी रात्रीच्या टोपीत, रडतं पोर घेऊन उभा, बायको ढाराढूर. चार रेघांत त्याच्या वाकलेल्या गुडघ्यांचा सगळा थकवा! पोट धरून हसलो. आमच्या आळीतला प्रत्येक नवरा त्यात होता.

दुकानात रोज कुराणातल्या आयतींच्या फ्रेमा करायच्या, अरबी उजवीकडून डावीकडे, त्यामुळे हात उजवीकडूनच सुरू व्हायचा. तिन्ही चित्रं एकाच फ्रेमीत तशीच लावली. साहेब डावीकडून बघू लागला: आधी पोर, मग भांडण, शेवटी विनवणी.

"गाढवा, उलटी लावलीस!" मामू कडाडला.

साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, "रहने दो. इतना होने के बाद भी घुटने पर बैठता है. ये आदमी अच्छा."

मी ऐटीत नजमाकडे पाहिलं. दुकानामागेच घर, ती चहा घेऊन आली होती.

"बघितलंस? मीही असाच गुडघे टेकीन."

"गुडघे कुणीही टेकतो," ती म्हणाली. "मला पोर घेऊन उभा राहणारा हवा. तू तर कॉलेजातसुद्धा दोन वर्षं उभा राहिला नाहीस."

कान तापले. "मग कर जा दुसरीकडे!"

"करायचं असतं तर अब्बांना नाही कशाला म्हटलं असतं? परीक्षा दे. मग ये."

परतीच्या बोटीत लिंबं संपली, राग संपला. उरले ते वाकलेले गुडघे.

"काय आणलंस कुवेतहून?" घरी अम्मीने विचारलं.

धूळ खात पडलेल्या वह्या बगलेत मारल्या, कॉलेजला जायला बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.