सिमेंटचा मांड

"रांग धरा. संस्कृती पळून जात नाही."

असं म्हणून सर मिटलेली छत्री वर करायचे. प्रार्थनेला, दुपारच्या भाजी-पावाला, सहलीला, सगळीकडे तीच छत्री. तुमच्याही शाळेत असे एक सर असतील. नसतील तर तुमची रांग अजून वाकडीच असणार.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात ते मराठी शिकवायचे. वर्गात छापील बोलायचे, घरची बोली घरी ठेवून यायचे. गावात त्यांना आणखी एक मान होता. फाल्गुनातल्या शिगम्यात मांडावर, म्हणजे देवळासमोर गाव जमतो त्या मोकळ्या जागेत, पहिलं नमन त्यांच्या घराण्याने म्हणायचं. ते होत नाही तोवर ढोलावर काठी पडत नसे.

मग वरच्या पठारावर लोकसंस्कृतीचं उद्यान उभं राहिलं. जिथे आमची गुरं चरायची तिथे आता सिमेंटची गाय आहे. ती चरत नाही, शेण टाकत नाही, म्हणून तिला परवानगी मिळाली. हे वाक्य उद्यानाविरुद्ध मी काढलेल्या पत्रकातलं. सरांनी त्या पत्रकातलं शुद्धलेखन तपासून ते मला परत पाठवलं होतं.

उद्यानवाल्यांना आमचा शिगमोच वर न्यायचा होता. शेड देतो, नळ देतो, माइक देतो. गावच्या बैठकीने हात झटकले: सर म्हणतील तसं. आणि सर म्हणाले, "विचार करण्यासारखं आहे."

मी त्यांना रस्त्यातच गाठलं. "सर, मांड कोणी उचलून नेतं का?"

"बाय, खाणीचे ट्रक धावत होते तेव्हा त्या मांडावर तोंडभर लाल धूळ खाऊन मी नमन म्हटलंय. तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिसरीत."

"म्हणून विचारतो. सावलीचा तुला एवढा राग का?" थोडं पुढे जाऊन ते वळले. "सातवीची सहल तिकडेच आहे. बघतो, मग सांगतो. तूही चल. एक बाई रजेवर आहेत."

सहलीचा विषय होता 'आपली संस्कृती'. पठार शाळेच्या खिडकीतून दिसतं, तरी बस केली होती. सहल म्हणजे बस.

आत शिरताच सायकलवर सिमेंटचा पोदेर. खरा पोदेर त्याच सकाळी पों-पों करत याच पोरांच्या दारात पाव देऊन गेला होता. पुढे रगड्यावर वाटण वाटणारी सिमेंटची बाई. "पूर्वी लोक असे जगायचे," माहिती सांगणारी मुलगी म्हणाली.

"सर, हो रगडो आमच्याकडे आसा," एक पोरगी म्हणाली. "आई रोज वाटता."

"मग इथे नीट बघ," सर म्हणाले. "घरच्याला तिकीट नाही."

शेवटी मांड. लाल रंगाची फरशी, प्लास्टिकचा झेंडू, मध्ये तुळस, कडेला ढोल. पोरांनी कोणाला न विचारता बूट काढले. मांडावर पायात काही घालून कोणी जात नाही. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही.

व्यवस्थापक धावत आला. "बूट घाला मुलांनो, मागचा ग्रुप खोळंबलाय. हा नुसता सेट आहे."

पोरं सरांकडे बघू लागली. सरही अनवाणी होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला.

"नुसतो सेट?" वर्गासमोर सरांच्या तोंडून बोली आली, ती तेव्हा पहिल्यांदा.

"हो सर. शिगम्यालाही हाच. नाचणारे बूट घालूनच नाचतील, फरशी घसरते."

"आणि नमन?"

"ते थोडक्यात करू. पुढे जादूचे प्रयोग आहेत."

सर तुळशीजवळ गेले. पान चिमटीत धरून बघितलं. तेही प्लास्टिकचं.

"आमचो देव बूट घालून येवचो ना, बाबा," ते नकारार्थी मान हलवत शांतपणे म्हणाले. मग छत्री वर केली. "रांग धरा." पुढचं वाक्य त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही.

शिगमो खालीच झाला, भर उन्हात. नमन संपवून सर घाम पुसत माझ्याकडे आले. मला वाटलं, आता माझ्या पत्रकांचं कौतुक होणार.

"मांडाच्या कडेने झाडं लाव," ते म्हणाले. "तुझ्या पत्रकांची सावली पडत नाही."

लावली. ती गुडघ्याएवढी झाली आणि सर गेले. आता नमन त्यांचा पुतण्या म्हणतो, उन्हातच.

सहल मात्र अजून जाते. सिमेंटच्या मांडापाशी आता पाटी आहे: 'कृपया पादत्राणे काढू नयेत.' यंदा सातवीच्या पोरांनी ती मोठ्याने वाचली, अगदी सरांसारखी छापील. मग रांग धरली, आणि एकेकाने बूट काढले.