तिसऱ्या बांधावरचा पांढरा डबा

"अजून एक वीत उतरू दे," हॅल्वर म्हणायचा. नदी झाडांत शिरलेली असो की धक्क्याखालची वाळू उघडी पडलेली असो, त्याचं बोलणं एवढंच. लग्नाची तारीख विचारली तेव्हाही तो हेच म्हणाला होता, असं त्याची बायको एडना जिवंत असेपर्यंत सांगायची. शेवटी तारीख तीच ठरवून आली.

त्या वर्षी मिसिसिपी मे महिन्यात चढली आणि जुलै अर्धा सरला तरी खाली येईना. काठावरची मेपलची झाडं कमरेइतक्या पाण्यात उभी होती. मासा झाडांत पांगला होता. हार्लो बेंडच्या आमच्या धक्क्यावर दोन महिन्यांत कुणाला धड एक वॉलाय मिळाला नव्हता. वॉलाय हा धूर कोंडलेल्या मोत्यासारख्या डोळ्यांचा मासा. त्याला भर उन्हाचा उजेड सोसत नाही. पाणी उतरू लागलं की तो झाडांतून निघतो आणि खोल, सावलीचं ठिकाण शोधतो. त्याची ती वाट आमच्यात एकट्या हॅल्वरला पाठ होती. मी चाळीस वर्षं त्याच्या शेजारी राहिलो, तरी मला ती निम्मीच समजली.

जूनच्या शेवटी हॅल्वर सकाळी गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही. मी शोधायला निघालो. मागल्या पाण्यात, म्हणजे नदीच्या मुख्य धारेमागच्या संथ फाट्यात, घरापासून अर्ध्या मैलावर, होडीत वल्हं मांडीवर घेऊन तो बसला होता.

"काय करतोस रे इथं?"

"अजून एक वीत उतरू दे."

मी हसलो. मग त्याच्या ओठांकडे पाहिलं. उन्हानं फुटले होते. इंजिनाची टाकी भरलेली होती.

"वाट चुकलास काय?"

"मी? या पाण्यात? डेल, तुझं वय झालं."

तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी त्याला दोरी बांधून ओढत आणलं. आठवडाभर हे पोटात ठेवलं आणि मग त्याच्या मुलीला, जोलीनला, फोन केला. तो फोन मी करायला नको होता की आधीच करायला हवा होता, हे मला अजून ठरवता येत नाही.

जोलीन मॅडिसनला शाळेत शिकवते. ती आली ती तिकडच्या आपल्या घरातली वरची खोली रंगवून, पलंग मांडूनच आली. तिथून नदी दिसत नाही.

"बाबा, मागच्या महिन्यात शेगडीवर पातेलं जळून काळं झालं."

"पातेली जळायलाच असतात."

"दोनदा."

"मग दोन पातेली."

"रविवारी तुम्ही माझ्याबरोबर येताय."

हॅल्वरनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "डोकं गेलेल्या माणसाला उतरत्या पाण्यात वॉलाय सापडत नाही," तो म्हणाला. "पाणी उतरायला लागलंय. उद्या दुपारपर्यंत पाच काढून दाखवतो. काढले तर तू एकटी जायचंस. होडीला आणि घराला हात लावायचा नाही."

"आणि नाही काढले तर?"

"तर तुझा तो पलंग."

जोलीननं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "ठीक आहे," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे निघालो. मेपलच्या खोडांवर चिखलाची ओली रेघ पाण्याच्या दोन वीत वर दिसत होती. हॅल्वर आधी आम्हाला मागल्या पाण्याच्या तोंडाशी घेऊन गेला. तिथून झाडांतलं पाणी नदीत निघतं, त्याबरोबर चिंगळ्या वाहत येतात आणि वॉलाय तोंडाशी आ वासून थांबतो. दोन बगळे उभे होते. त्यानं गळाला जळू लावली, दोरीचं शिशाचं वजन पाण्यात सोडलं. तासभर काही नाही. बगळेही उडून गेले.

"इथून गेलेत," तो म्हणाला. "पाणी बघ, गढूळपणा गेला. उशीर झाला आपल्याला."

जुन्या काळी बोटींना खोल वाट मिळावी म्हणून काठापासून नदीत दगडांचे बांध घातलेत. भरल्या पाण्यात ते दिसत नाहीत. पहिल्या बांधावर काही नाही. दुसऱ्यावर एक कॅटफिश, मिशांचा मासा, तोही बोटाएवढा. जोलीन हसली नाही. दहा वाजून गेले होते. हॅल्वरला जळू गळात ओवता येईना, ती सारखी बोटाला चिकटत होती.

"द्या इकडे," जोलीन म्हणाली.

"तू वर्गातली पोरं सांभाळ."

मग त्यानं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. डोळे मिटले. किती वेळ तसा बसला कोण जाणे. मला वाटलं, झालं, हा परत हरवला.

"तिसरा," तो डोळे न उघडता म्हणाला. "टोकाशी. दगडांच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी आपटून थांबतं."

तिथं पोचल्यावर त्यानं ब्लीचचा रिकामा पांढरा डबा काढला, दोरीच्या शेवटी जुन्या खिडकीचं लोखंडी वजन बांधलं आणि खुणेसाठी बांधाच्या टोकावर तरंगत सोडला. "दगडांवर आता गुडघाभरच पाणी आहे. डबा आणि काठ यांच्या मधून जाईल त्याच्या इंजिनाचा पंखा दगडावर फुटेल," तो जोलीनला म्हणाला. "नेहमी डब्याच्या बाहेरून, नदीच्या अंगानं. लक्षात ठेव, विचारीन."

प्रवाहाच्या वर जाऊन त्यानं नांगर टाकला, माझ्याकडून दोरी सैल सोडवत होडी खाली आणली आणि हात वर केला. पुरे. शिसं दगडाला टेकलं, टिक् झालं. दुसरी टिक् दगडाची नव्हती.

अर्ध्या तासात पाच. सोनेरी पाठीचे, हातभर लांब. पाचवा जोलीननं काढला. तो होडीत उड्या मारू लागला तशी ती लहान पोरीसारखी किंचाळली, आणि हॅल्वर इतका हसला की त्याला खोकला आला.

"हरले, बाबा."

"मग एकटी जा."

"जाते हो. पण नाताळला मासा पाठवा."

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या उंच बेटावर आम्ही पाव आणि कांदा घातलेलं कलेजीचं सारण खाल्लं. मी मनातल्या मनात त्या फोनची माफी मागत होतो. परत निघालो तेव्हा इंजिनाचा दांडा हॅल्वरच्या हातात होता, तो शीळ घालत होता. तिसरा बांध जवळ आला.

"हे बघा," तो म्हणाला. "कुणीतरी डबा फेकलाय. उकिरडा करून ठेवलाय नदीचा मेल्यांनी."

मला वाटलं, मस्करी करतोय. जोलीनलाही तसंच वाटलं, ती हसायच्या बेतात होती. तो डबा उचलायला वळला, डबा आणि काठ यांच्या मधून. मी त्याच्या हसण्याची वाट पाहत राहिलो. श्वासभरच. मग "हॅल्वर!" म्हणून ओरडलो आणि त्याच वेळी दगड लागला.

इंजिन उसळून वर आलं आणि बंद पडलं. जोलीन फळीवर आपटली, तिची हनुवटी फुटली. होडी आडवी होऊन डब्याला घासली. हॅल्वरनं डबा पकडला, दोरी वर ओढली आणि गाठ बोटांनी चाचपली.

"गाठ माझी आहे," तो म्हणाला.

जोलीन हनुवटीला रुमाल लावून म्हणाली, "बाबा, दगड कुणालाही लागतात."

"लागतात. पण डबा मी टाकला होता ना?"

जोलीननं रुमालाची घडी बदलली.

"डेल, तू सांग. तू खोटं बोलणार नाहीस. मी टाकला?"

"हो," मी म्हणालो.

धक्क्यापर्यंत मी वल्हवत आणलं. उतरल्यावर त्यानं फळीवर पाचही मासे साफ केले. सुरी मानेशी टेकायची आणि काट्यावरून शेपटीपर्यंत एका ओढीत जायची, एक तुकडा वाया गेला नाही. मांस बर्फात घालून त्यानं जोलीनसमोर ठेवलं. "मक्याच्या पिठात घोळव. फार वेळ तळू नकोस, तुझी आई करायची तसं लाकूड होतं." मग हात धुतले, होडीची किल्ली खिशातून काढून माझ्यापुढं ठेवली आणि धक्क्यामागच्या रेल्वेच्या रुळांकडे चढून गेला.

त्याचं घर डावीकडे. तो उजवीकडे वळला, रुळांच्या कडेनं, नदीला धरून, ताठ मानेनं, घाई न करता. मुद्दाम तिकडे निघाला होता की घराची वाट विसरला होता, ते पाठीवरून कळत नव्हतं. जोलीन रुमाल हनुवटीला धरून उभी होती, मी तिच्या शेजारी. तो लहान लहान होत वळणाशी पोचला. आम्ही दोघं बघत होतो.