आत्याच्या गावात भाड्याचा फ्लॅट

नाशकात सख्खी आत्या असताना आम्ही तिथे भाड्याचा फ्लॅट घेतला, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना शिव्या घालायच्या आहेत त्यांनी इथेच घालाव्यात आणि मग पुढे वाचावं.

"आपल्याला जरा मोकळीक हवी," असं मी बायकोला रुबाबात सांगितलं होतं. "कसली?" वृषालीने विचारलं. खरी गोष्ट अशी की सुमनआत्याकडे उतरलं की ती पलंग आपल्याला देते, स्वतः स्वयंपाकघरात सतरंजी टाकते, आणि आपण "अगं कशाला, कशाला" म्हणत पलंगावर आडवे होतो. मला त्याची लाज वाटायची. लाज वाटते तर तिला न कळवताच जावं, हा तोडगा माझ्याच सुपीक डोक्यातला. डिप्लोमा मी तिच्याच घरी राहून, तिच्याच हातचं जेवून केला. आता तिला हे कळलं असतं तर ती भांडली नसती, नुसती बोलायची बंद झाली असती. मला भीती त्याचीच होती.

साताऱ्याहून गाडीने निघालो. पुण्यापुढे चाकण उजाडायच्या आत मागे टाकावं, असं मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतः नेहमी भर गर्दीत चाकणलाच अडकलेला असतो. नारायणगावला नाश्ता, सिन्नरला चहा, आणि जेवायच्या वेळेला नाशिक.

फ्लॅट गंगापूर रोडला, पाचव्या मजल्यावर. आत्या राहते इंदिरानगरला, म्हणून मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला शोधला होता. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, ऐसपैस बाल्कनी, आणि भाडं बऱ्या हॉटेलातल्या एका खोलीइतकंच. चावी दाराशेजारच्या आकडेवाल्या पेटीत. मालकाने मोबाईलवर नियम पाठवले होते: चपला बाहेर, ओला-सुका कचरा वेगळा, भांडी घासून ठेवावीत. म्हणजे एवढं पेट्रोल जाळून, वर भाडं भरून मी भांडी घासायला आलो होतो. गॅसला लायटर नव्हता. तो आणायला उतरलो तेव्हा कुणी ओळखू नये म्हणून टोपी आणि मफलर चढवला, भर दुपारी. वॉचमनने काळजीने विचारलं, "साहेब, थंडी लय वाजती का? दवाखाना जवळच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली. काळा रस्सा जरा बेतानेच घ्या. मी दोनदा मागून घेतला आणि त्र्यंबकेश्वरच्या रांगेत देवापेक्षा स्वच्छतागृहाची आठवण जास्त काढली. सोमवारी त्र्यंबकला जाऊ नये. आम्ही सोमवारी गेलो होतो. दुपारी दिंडोरीकडे द्राक्षबागा पाहिल्या, एका वायनरीत घोटभर चाखून मी जाणकारासारखी मान हलवली. "काय कळलं?" वृषालीने विचारलं. आंबट होती, एवढंच कळलं होतं.

संध्याकाळी बाल्कनीत पाय पसरून काढलेला फोटो मी स्टेटसला ठेवला. आत्याला दिसू नये म्हणून तिचा नंबर वगळायला विसरलो नाही. फक्त तो तिचा जुना नंबर होता.

थोड्याच वेळात नवीन नंबरावरून फोन आला. "विनू, फोटो चांगला आलाय. पत्ता पाठव."

आत्या रिक्षाने आली. दार उघडलं तर तिच्या हातात काहीच नव्हतं. ना डबा, ना पिशवी. आत्या रिकाम्या हाताने आलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"आत्या, अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"गप बस." तिने खोल्या पाहिल्या, फ्रीज उघडून बंद केला आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसली. वृषाली चहा ठेवायला गेली तशी आत्याही सवयीने उठायला लागली.

"आत्या, तुम्ही बसा. मी करते ना," वृषाली आतून म्हणाली.

ती बसली. चहा गरम असताना प्यायली. मग हळूच म्हणाली, "इथे बेल वाजत नाही का रे?"

"कोण वाजवणार?"

"माझ्याकडे सारखी वाजते. त्र्यंबकला निघालेला प्रत्येक नातेवाईक आमच्याकडूनच जातो. आले की बरं वाटतं रे. नाही असं नाही. पण गुडघे आता ऐकत नाहीत, आणि तोंडाने 'नका येऊ' म्हणवत नाही." मग आत वाकून बघत विचारलं, "ती दुसरी खोली रिकामीच आहे ना? ह्यांचा रात्रीचा भात लावूनच आलेय मी."

ज्या घरी इतकी वर्षं जेवलो, त्या घरातल्या बाईचे गुडघे दुखतात हे मला माहीतच नव्हतं. मला फक्त स्वतःची लाज माहीत होती.

सकाळी आत्या त्या दुसऱ्या खोलीत ऊन अंगावर येईपर्यंत झोपली. पोहे मी केले. "मीठ कमी, आणि खाली लागलेत," ती सगळी बशी संपवून म्हणाली. "पुढच्या वेळी निमूट घरी उतरायचं, कळलं?" आणि लगेच, "हे घर किती वाजेपर्यंत आपलं आहे?"

"अकरा."

"मग घाई काय आहे," म्हणत तिने पाय वर घेतले.

साताऱ्याला परत आल्यावर आठवड्याभरात कराडच्या चुलतभावाचा, सतीशचा फोन आला. सहकुटुंब त्र्यंबकला जायचंय, आत्याकडेच उतरतो म्हणाला. मी त्याला फ्लॅटच्या मालकाचा नंबर दिला.

"अरे, पण आत्याला वाईट वाटेल."

"वाटेल थोडं," मी म्हटलं. "तिला चहाला बोलव. चहा तू कर आणि रात्री तिला परत जाऊ देऊ नकोस."